बॅकअप संप पंप ४० मिनिटांत बंद पडला, चार्जरवर मात्र हिरवा दिवा. दोष कुठे शोधायचा?

एडिसनकर

नमस्कार मंडळी. घर न्यू जर्सीत एडिसनला आहे, बेसमेंट फिनिश केलेलं. तिथल्या बॅटरीवरच्या बॅकअप संप पंपाबद्दल (बेसमेंटच्या खड्ड्यात जमणारं पाणी बाहेर फेकणारा पंप, लाइट गेल्यावर चालणारा) नेमकी मदत हवी आहे. आधी मांडणी सांगतो.

खड्डा १८ इंच व्यासाचा, २४ इंच खोल. मुख्य पंप अर्धा हॉर्सपॉवरचा, १२० व्होल्टवर. बॅकअप १२ व्होल्ट डीसी, पुस्तिकेप्रमाणे चालताना साधारण १५ अँपिअर घेतो. बॅटरी ग्रुप २७ (हा आकाराचा क्रमांक), पाणी घालायची डीप सायकल (खोल उपसा सोसणारी), ९० अँपिअर-अवर, साडेतीन वर्षं वापरातली. दोन्ही पंपांचे दीड इंची पीव्हीसी पाइप खड्ड्यातच वाय जोडाने एकत्र येतात आणि तिथून वर एकच पाइप बाहेर जातो. चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) वाय जोडाच्या वर, एकच आहे.

परवाच्या पावसात रात्री लाइट गेली. बॅकअप चालू झाला, पण थांबून थांबून चालला नाही, सलग चालत राहिला. पाणी काठापासून दोनेक इंचांवर येऊन तिथेच राहिलं, खाली जाईना. ४० मिनिटांनी पंपाचा आवाज जड झाला, बॅटरीचा अलार्म वाजला आणि पंप बंद पडला. सुदैवाने तेवढ्यात लाइट आली आणि मुख्य पंपाने खड्डा लगेच उपसला.

आता चार्जरवर हिरवा दिवा आहे, मल्टिमीटरवर बॅटरी १३.४ व्होल्ट दाखवते. बॅटरी चांगली म्हणायची का? पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारं आतलं चाक) झिजला असेल का? नवा पंप घेण्याआधी काय काय तपासू?

पंपमेस्त्री

पंप घेऊ नका. तुम्ही दिलेल्या माहितीत दोन वेगवेगळे दोष दिसतात आणि पंप त्यातला एकही नाही.

पहिला पाइपाचा. चेक व्हॉल्व्ह प्रत्येक पंपाला स्वतःचा हवा आणि तो वाय जोडाच्या खाली हवा. तुमच्याकडे तो वर एकच आहे. म्हणजे लाइट गेल्यावर बॅकअपने ढकललेल्या पाण्याला वायपाशी दोन वाटा मिळतात: एक दहा फूट वर चढायची, दुसरी बंद असलेल्या मुख्य पंपातून खाली खड्ड्यात उतरायची. पाणी सोपी वाट धरणार. त्यामुळे तेच पाणी गोल फिरत राहिलं. पंप सलग चालला आणि पातळी हलली नाही, याचं कारण हे. लाइट असताना मुख्य पंपाचंही थोडं पाणी बॅकअपमधून खाली पडत असणार, पण त्याचा जोर मोठा म्हणून ते जाणवत नाही.

खात्री दोन मिनिटांत होते. मुख्य पंपाचा प्लग काढा. फ्लोटचा (पाण्याबरोबर वर चढून पंप चालू करणाऱ्या तरंगत्या स्विचचा) प्लग पाठीमागून जोडलेला असेल तर तो धरून दोन्ही काढा. झाकण उघडून टॉर्च लावा आणि बॅकअप चालवा. मुख्य पंपाच्या तळाशी, जिथून तो पाणी ओढतो त्या जाळीपाशी बघा. तिथून पाणी उसळून बाहेर येताना, गाळ भोवऱ्यासारखा हलताना दिसला तर निदान पक्कं.

दुसरा दोष बॅटरीचा, आणि तो निव्वळ गणितातून दिसतो. १५ अँपिअर गुणिले ४० मिनिटं म्हणजे फक्त १० अँपिअर-अवर. ९० ची धडधाकट बॅटरी या भारावर साडेचार तासांच्या आसपास चालायला हवी. (९० हा आकडा २० तासांच्या हळू वापराचा असतो, म्हणजे साडेचार अँपिअरने. भार वाढला की हाती कमी लागतं, म्हणून सरळ ९० भागिले १५ करून सहा तास धरू नका.) पाणी गोल फिरल्यामुळे पंप जास्त वेळ चालला हे खरं, पण ४० मिनिटांत बसणं हे बॅटरीचंच दुखणं आहे. त्यावर शिसेआम्ल यांनी लिहावं.

शिसेआम्ल

लिहितो. १३.४ हा बॅटरीचा व्होल्टेज नाही, चार्जर टर्मिनलवर लावतो तो आहे. चार्जर जोडलेला असताना मेलेली बॅटरीही १३.४ दाखवते. हिरव्या दिव्याचा अर्थही इतकाच की बॅटरी आता फार करंट ओढत नाही. प्लेटवर सल्फेट घट्ट बसलेली बॅटरी करंट घेऊच शकत नाही, म्हणून तिथे दिवा उलट लवकर हिरवा होतो. दिवसभर उपसून रिकामी झालेली बॅटरी काही तासांत 'फुल' दाखवत असेल तर शंका घ्या. या पंपांसोबत येणारे बरेच चार्जर एक-दोन अँपिअरचेच असतात. ९० ची बॅटरी खरोखर रिकामी झाली तर त्यांना ती भरायला दोन-तीन दिवस लागतात.

तपासणी या क्रमाने करा. गॉगल आणि रबरी हातमोजे घाला, जवळ ज्योत किंवा ठिणगी नको, कारण चार्ज होताना बॅटरी हायड्रोजन सोडते.

चार्जर काढा आणि रात्रभर बॅटरी तशीच ठेवा, नाहीतर वरवरचा चार्ज आकडा फुगवतो. सकाळी मोजा. १२.६ ते १२.७ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ पाऊण, १२.२ अर्धी, १२.० पाव, ११.९ च्या खाली रिकामीच.

मग झाकणं उघडून पाण्याची पातळी बघा. प्लेट उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर घाला, चार्ज करा आणि मग भरण्याच्या नळीच्या खालच्या कडेपासून पाव इंच खाली येईल इतपत भरा. चार्जआधीच काठोकाठ भरलं तर आम्ल तापून फुगतं आणि बाहेर येतं. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार प्लेटवर बसतात. आणि ॲसिड तर कधीच घालू नका. उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं.

पाणी घालण्यापूर्वी जमेल त्या प्रत्येक सेलचं हायड्रोमीटरने (आम्लाची घनता मोजायचं साधन) माप घ्या आणि सहाही आकडे लिहून ठेवा. भरलेल्या सेलमध्ये १.२६५ च्या आसपास, अर्ध्या भरलेल्यात १.१९०. आकडा किती यापेक्षा सेलसेलमधला फरक महत्त्वाचा. सगळ्यांत वरच्या आणि सगळ्यांत खालच्या सेलमध्ये ०.०५० पेक्षा जास्त फरक असेल तर तो खालचा सेल गेला.

शेवटी लोडवर. चार्जर काढलेलाच ठेवून, खड्ड्यात पाणी असताना पंप चालवा आणि बॅटरीच्या शिशाच्या खांबांवर मीटर धरा. पहिल्या मिनिटाला, पाचव्या, पंधराव्या. चांगली बॅटरी पंधरा मिनिटांनंतरही १२ च्या आसपास टिकते. १०.५ ला पोचली की तिच्यात काही उरलं नाही. त्याच वेळी पंपाच्या वायरच्या टोकांवरही मोजा. खांब आणि वायर यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक पडला तर क्लँप, फ्यूजचं घर किंवा बारीक वायर यांपैकी एक करंट खातंय.

इलिनॉयकर

वर दोघांनी मुद्द्याचं सांगितलं आहे. त्यात आणखी तीन-चार गोष्टी, कारण झाकण उघडणारच आहात.

खड्ड्यात भगवा, बुळबुळीत, जेलीसारखा थर असेल तर ते लोह-जिवाणू. भूजलात विरघळलेल्या लोखंडावर ते वाढतात. आरोग्याला त्रास नाही, पण पंपाला आहे. ही साय फ्लोटच्या दांड्यावर चढली की फ्लोट वर सरकताना अडकतो, आणि बॅकअपचा फ्लोट महिनोन् महिने हलतच नाही, म्हणून तो आधी चिकटतो. फ्लोट बोटाने वर-खाली करून बघा, वाटेत कुठेही अडखळायला नको. पंप बाहेर काढून तळाची जाळी सोडवा, जुन्या टूथब्रशने इम्पेलर घासा, व्हिनेगरमध्ये तासभर ठेवा. ब्लीच वापरणार असाल तर ते वेगळ्या दिवशी आणि भरपूर धुऊन, कारण ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. बंद बेसमेंटमध्ये तो धोका नको.

वीप होल आहे का ते बघा. पंपाचं तोंड आणि चेक व्हॉल्व्ह यांच्यामध्ये पाइपाला एक बारीक भोक हवं, १/८ ते ३/१६ इंच, खड्ड्याच्या झाकणाखाली. ते नसलं की बॅकअप 'हवा धरतो': खड्डा कोरडा असताना इम्पेलरभोवती हवा अडकते, वर चेक व्हॉल्व्हवर पाण्याचा स्तंभ बसलेला असतो, हवेला निसटायला जागाच नाही. पंप गुणगुणतो, पाणी मारत नाही. क्लँप मीटरवर करंट नेहमीपेक्षा बराच कमी दिसतो, ही हवा धरल्याची खूण. इम्पेलरमध्ये खडा किंवा झिप-टाय अडकला तर उलट, करंट चढतो आणि फ्यूज जातो. काही पंपांच्या बॉडीतच हे भोक दिलेलं असतं, पुस्तिका बघून मगच ड्रिल उचला.

फ्लोटची उंची: बॅकअपचा फ्लोट मुख्य पंपाच्या सुरू होण्याच्या पातळीपेक्षा किमान दोन-तीन इंच वर, आणि घराभोवतीचा ड्रेन पाइप खड्ड्यात जिथे उघडतो त्याच्या फार वर नको. खाली ठेवला तर रोजच्या पाण्यालाही बॅकअप धावतो आणि बॅटरी फुकट झिजते.

आणि प्लग. बेसमेंटमधल्या सॉकेटला जीएफसीआय (करंट गळला की वीज तोडणारा सुरक्षा स्विच) असतो. मुख्य पंप आणि बॅकअपचा चार्जर एकाच जीएफसीआयवर असतील तर ओलाव्याने तो एकदा ट्रिप झाला की दोन्ही गेले. घरात लाइट असते, म्हणून कोणाला कळत नाही, आणि बॅटरी हळूहळू उतरत जाते. दोघांना वेगवेगळी सर्किट द्या.

एडिसनकर

सगळ्यांचे आभार. मापं घेतली.

मुख्य पंपाच्या जाळीतून पाणी अगदी उसळून येतंय, गाळ गोल फिरताना स्पष्ट दिसला. म्हणजे पंपमेस्त्रींचं निदान बरोबर.

चार्जर काढून रात्रभर ठेवल्यावर बॅटरी १२.५ व्होल्ट. हा आकडा बघून बरं वाटलं होतं. पण हायड्रोमीटर: १.२६०, १.२५५, १.१४०, १.२६०, १.२६०, १.२५५. पाणी तीन सेलमध्ये प्लेटच्या वरच्या कडेला टेकलेलं. लोडवर पहिल्या मिनिटाला ११.६, पाचव्याला ११.१, पंधराव्याला १०.४. पंपाच्या वायरवर त्याच वेळी दीड व्होल्ट कमी. बॅटरी भिंतीपलीकडच्या शेल्फवर आहे, मूळ वायरला कोणीतरी १० फुटांची १६ गेजची वायर जोडून ती लांबवली आहे. पॉझिटिव्ह टर्मिनलवर निळसर-पांढरी पूड.

वीप होल बॅकअपला नाही, मुख्य पंपाला आहे.

शिसेआम्ल

तिसरा सेल गेला. बाकीचे पाच भरलेले आणि तो एक १.१४० वर, म्हणजे ०.१२० चा फरक. आणि १२.५ ने फसवलं कसं ते बघा: प्रत्येक सेलचा व्होल्टेज साधारणपणे त्याच्या घनतेच्या आकड्यात ०.८४ मिळवून येतो. पाच सेल २.१० चे, एक १.९८ चा, बेरीज १२.४८. एकूण आकड्यात मेलेला सेल लपून जातो, भार पडल्यावरच उघडा पडतो. पाणी घालून, चार्ज करून तो सेल परत येणार नाही. बॅटरी बदला.

नवी घेताना कव्हर किंवा बॉक्समध्ये मावत असेल तर ग्रुप ३१ घ्या, १०० च्या आसपास मिळते. 'मरीन स्टार्टिंग' लिहिलेली नको, तिच्या प्लेट पातळ असतात, खोल उपसा सोसत नाहीत. डीप सायकलच हवी. कारची तर मुळीच नको. बॅटरीवर उत्पादनाचा महिना-वर्ष असतं ते बघा, सहा महिन्यांहून जास्त काळ दुकानात पडलेली नाकारा. जुनी परत नेऊन द्या, कोअर चार्ज (जुन्या बॅटरीसाठी घेतलेली अनामत) परत मिळतो आणि शिसं योग्य ठिकाणी जातं.

पाणी घालायची (फ्लडेड) की एजीएम (आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेली, सीलबंद)? दर दोन-तीन महिन्यांनी झाकण उघडून पाणी बघणं नक्की होणार असेल तर फ्लडेड स्वस्त आणि चांगली. होणार नसेल तर प्रामाणिकपणे एजीएम घ्या, पण आधी चार्जर एजीएमला चालतो का ते पुस्तिकेत बघा. काहींवर त्यासाठी बटण असतं. एजीएमला भरल्यानंतरच्या टिकवणाऱ्या (फ्लोट) चार्जवर १३.५ ते १३.८ व्होल्ट लागतं. त्याहून जास्त व्होल्टेज सतत मिळालं तर ती आतून सुकते, आणि सीलबंद असल्याने पाणी घालायची सोय नाही.

वायरीचं: १६ गेज म्हणजे हजार फुटांना ४ ओहम. जाऊन-येऊन २० फूट, ०.०८ ओहम, १५ अँपिअरला १.२ व्होल्ट वायरीतच जळतो. १० गेज घातली तर तेच ०.३ व्होल्टवर येतं. त्याहून बरं म्हणजे बॅटरीच पंपाजवळ आणा आणि मूळ वायर वापरा. मोकळ्या हवेच्या जागी, जमिनीवरून थोडी उचलून, प्लॅस्टिकच्या बॅटरी बॉक्समध्ये. फ्यूज पॉझिटिव्ह वायरवर, बॅटरीच्या खांबाजवळ, पंपाच्या पुस्तिकेत दिलेल्या अँपिअरचाच.

ती पूड काढायला एक कप पाण्यात चमचाभर बेकिंग सोडा. आधी निगेटिव्ह सोडवा, मग पॉझिटिव्ह. ब्रशने घासा, फेस येणं थांबेपर्यंत. सोड्याचा एक थेंबही सेलच्या आत जाता कामा नये, झाकणं घट्ट लावूनच घासा. कोरडं करून जोडताना उलट: पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. क्लँप हाताने फिरवून हलतो का बघा. हलत असेल तर नट आवळा. मग वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. जेली आधी आणि क्लँप नंतर असं करू नका, संपर्क धातूचा धातूशी हवा.

पंपमेस्त्री

आता पाइप. बॅकअपच्या आणि मुख्य पंपाच्या पाइपावर, वायच्या खाली एकेक चेक व्हॉल्व्ह बसवायचा. रबरी बाह्या आणि पट्टीचे क्लँप असलेला दीड इंची घ्या, चिकटवायचा नको. पुढच्या वेळी पंप बाहेर काढताना क्लँप सैल केला की काम होतं. बाण वरच्या दिशेला. वरचा जुना व्हॉल्व्ह काढून तिथे साधा कपलर टाका.

कापण्याआधी दोन्ही पंपांची वीज तोडा. वरच्या पाइपात अडलेलं पाणी अंगावर येईल: दीड इंची पाइपात फुटाला ०.१ गॅलन, दहा फुटांना एक गॅलन. खाली बादली धरा. खड्ड्यात जागा अपुरी असेल आणि दोन व्हॉल्व्ह शेजारी मावत नसतील तर वाय खड्ड्याच्या झाकणाच्या वर न्या. काप सरळ घ्या, आतली कड सुरीने साफ करा, कारण सुटलेला पीव्हीसीचा तुकडा पुढे जाऊन व्हॉल्व्हच्या पाकळीत अडकतो आणि व्हॉल्व्ह गळायला लागतो. जिथे चिकटवायचं तिथे प्रायमर, मग सिमेंट, पाव फेरी फिरवून अर्धा मिनिट दाबून धरा.

बॅकअपचं वीप होल ३/१६ चं करा, पंपाच्या तोंडापासून दोनेक इंच वर, ड्रिल तिरकं धरून, म्हणजे फवारा खाली खड्ड्यात पडेल.

झाल्यावर चाचणी पाण्याने करायची. फ्लोट हाताने उचलून पंप 'बुर्र' करतो एवढ्यावर समाधान मानू नका. १८ इंची खड्ड्यात प्रत्येक इंचाला १.१ गॅलन पाणी मावतं, म्हणजे पाच गॅलनची बादली ओतली की साडेचार इंच चढतं. मुख्य पंपाचा प्लग काढा, चार्जरचाही काढा (लाइट गेल्याचं सोंग पुरं करायचं), बॅकअप स्वतःहून सुरू होईपर्यंत बादल्या ओता आणि तो किती इंच किती सेकंदांत उपसतो ते घड्याळ लावून लिहून ठेवा. तो आकडा तुमच्या घराचा. दर तीन महिन्यांनी पुन्हा घ्या. वेळ वाढत गेली तर काहीतरी बिघडतंय.

आणखी एक माप पाऊस पडताना घ्या. मुख्य पंप थांबल्यावर पाणी एका मिनिटात किती इंच चढतं? समजा सहा. म्हणजे ६.६ गॅलन. बॅकअप दहा फूट उंचीवर मिनिटाला २० गॅलन मारत असेल तर त्याला तिसरा हिस्सा वेळच चालावं लागेल, सरासरी पाच अँपिअर. शंभरची बॅटरी निम्मी वापरली तरी दहा तास, पुरती उपसली तर वीसच्या घरात. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला गॅलनचा आकडा बहुधा शून्य उंचीचा असतो, तो धरू नका. दहा फुटांच्या ओळीत काय लिहिलंय तो घ्या.

कोथरूडवासी

विषय अमेरिकेचा आहे, पण एक विचारतो. पुण्यात बंगल्याच्या खाली पार्किंगचं बेसमेंट, कोपऱ्यात पाणी जमायची टाकी, त्यात अर्ध्या एचपीचा सिंगल फेज सबमर्सिबल. घरात ९०० व्हीएचा इन्व्हर्टर आणि १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी आहे. लाइट गेल्यावर हाच पंप इन्व्हर्टरवर चालेल का?

पंपमेस्त्री

सुरूच होणार नाही बहुधा. अर्धा एचपी म्हणजे बाहेर मिळणारे ३७० वॅट. आत जाणारे त्याच्या दीडपट-दुप्पट धरा, आणि सुरू होताना क्षणभर चालत्या करंटच्या चार-पाच पट. ९०० व्हीएचा इन्व्हर्टर ओव्हरलोडवर जाईल. कधी चालू झालाच आणि इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह असेल तर मोटर गुरगुरते, तापते, कॅपॅसिटर जातो. २ केव्हीए किंवा मोठा, प्युअर साइन वेव्ह, २४ व्होल्टचा (दोन बॅटऱ्यांचा) असेल तर पंप चालतो, पण दिवसभर पंखे-दिवे त्याच बॅटरीवर चालले तर रात्री पावसात पंपाला काय उरणार हे बघा. पंपाची बॅटरी वेगळीच असावी.

दुसरा मार्ग १२ व्होल्टचा डीसी पंप, वेगळ्या बॅटरीवर, फ्लोट स्विच आणि फ्यूज लावून. बोटीतला बिल्ज पंप घेणार असाल तर सावध: त्यांचा छापील आकडा शून्य उंचीचा असतो आणि छोट्या पंपांचा दम तीन-चार मीटरलाच संपतो. तुमच्या रॅम्पची उंची मोजून, त्या उंचीवर किती लिटर मारतो ते विचारूनच घ्या. एनआरव्ही (म्हणजे चेक व्हॉल्व्हच) दोन्ही पंपांना वेगवेगळा, तो नियम इथलाच तिथे.

इलिनॉयकर

एडिसनकर, हिवाळ्यासाठीही एक करून ठेवा. बाहेरच्या पाइपात पाणी साचून गोठलं की पंप बंद तोंडावर ढकलत राहतो, मोटर तापते. बाहेरचा पाइप उताराने पूर्ण रिकामा होईल असा हवा, आणि भिंतीबाहेर पडताच जाळीसारख्या फटी असलेला फ्रीझ-रिलीफ जोड बसवा. पुढचा पाइप गोठला तर पाणी तिथून बाहेर पडतं. उन्हाळ्यात जोडलेली लवचीक नळी थंडीआधी काढा.

मोठ्या वादळासाठी एका बॅटरीवर विसंबू नका. २०१२ च्या सँडीनंतर न्यू जर्सीत कित्येक घरं दिवसचे दिवस अंधारात होती, आणि १ सप्टेंबर २०२१ ला आयडाच्या पावसात पाणी तासाभरात चढलं. एकात जास्त वेळ टिकणं लागतं, दुसऱ्यात जास्त गॅलन. जास्त वेळासाठी दोन बॅटऱ्या समांतर जोडतात, पण दोन्ही एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच प्रकारच्या. जुनी आणि नवी जोडली तर जुनी नवीला ओढून नेते. घरी शहराचं पाणी असेल आणि दाब ४० पीएसआयच्या वर असेल तर नळाच्या पाण्यावर चालणारा बॅकअपही मिळतो, साधारण दोन गॅलन उपसायला एक गॅलन नळाचं जातं. त्याला बॅकफ्लो प्रिव्हेंटर (खड्ड्यातलं पाणी नळाच्या लाइनीत मागे शिरू न देणारा) लागतो, तो लायसन्सवाल्या प्लंबरकडूनच बसवा. विहिरीच्या पाण्याला हा उपाय नाही, कारण लाइट गेली की विहिरीचा पंपही बंद.

जनरेटर असेल तर तो बाहेर, घरापासून किमान २० फूट, खिडक्या-दारांकडे धूर येणार नाही असा. गॅरेजचं दार उघडं ठेवून आत चालवणं हे सुद्धा जीवघेणं आहे.

आणि विम्याचे कागद काढून बघा. नेहमीच्या होमओनर्स पॉलिसीत संप पंप बंद पडून आलेलं पाणी सहसा धरलेलं नसतं, त्यासाठी 'वॉटर बॅकअप'ची जोड वेगळी घ्यावी लागते.

शिसेआम्ल

लिथियमबद्दल विचारलं जाईल म्हणून आधीच: लिथियम आयर्न फॉस्फेट हलकी, जवळजवळ पूर्ण उपसता येते, पाण्याची कटकट नाही. पण या पंपांचे चार्जर शिशाच्या बॅटरीसाठी बनवलेले असतात. पंपाच्या पुस्तिकेत लिथियम चालते असं लिहिलेलं असेल तरच जोडा. वर दिलेला व्होल्टेजचा तक्ता तिला लागू नाही, बराच चार्ज उतरेपर्यंत ती १३ च्या वरच दाखवते. आणि शून्य अंश सेल्सियसखाली ती चार्ज करायची नसते.

एडिसनकर

काम झालं, आकडे देतो.

ग्रुप ३१, फ्लडेड, १०० अँपिअर-अवर. बॅटरी खड्ड्यापासून चार फुटांवर आणली, लांबवलेली वायर काढून टाकली. दोन चेक व्हॉल्व्ह वायच्या खाली, बॅकअपला ३/१६ चं वीप होल. चार्जर आता मुख्य पंपापेक्षा वेगळ्या सर्किटवर.

रात्रभर चार्जर काढून १२.६८. सहाही सेल १.२६० ते १.२६५. लोडवर पंधराव्या मिनिटाला १२.१, पंपाच्या वायरवर ११.९. बादलीची चाचणी: पाच इंच पाणी १७ सेकंदांत उपसतो. म्हणजे साडेपाच गॅलन, मिनिटाला १९ च्या आसपास. आकडा बॅटरी बॉक्सच्या झाकणावर तारखेसह मार्करने लिहिला.

एकच शंका. बॅकअप चालू असताना खड्ड्यात बारीक 'सर्र' आवाज येतो आणि पाइपाच्या बाजूने पाण्याची धार उडते. जोड गळतोय का?

पंपमेस्त्री

ते वीप होल. धार उडायलाच हवी, आणि ती झाकणाखाली, खड्ड्यातच पडते एवढं बघा. आवाज बंद झाला तर भोक भगव्या सायीने बुजलं समजा. बारीक तार घालून मोकळं करा. पंप थांबल्यावर वरून पाणी परत येण्याचा आवाज काही सेकंदांपेक्षा जास्त ऐकू आला तर मात्र चेक व्हॉल्व्हच्या पाकळीत काहीतरी अडकलंय, क्लँप सैल करून व्हॉल्व्ह काढा आणि धुवा.

नव्या बॅटरीचं पाणी पहिल्यांदा एक महिन्यानेच बघा. ती किती पाणी पिते ते कळलं की पुढचं अंतर त्यावरून ठरवा.